गोवा ते सेशेल्स: जुन्या शिडाच्या बोटीची तयारी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९० च्या आसपास बांधलेली ३८ फुटी फायबरची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) तुम्ही गोव्यात विकत घेतली आहे. आतापर्यंत मांडवीच्या मुखापासून मालवणपर्यंत शीड चालवलं आहे. येत्या जानेवारीत तुम्ही आणि तुमच्या पत्नी, दोघांनीच सेशेल्सला जायचा बेत आहे. खर्चाची यादी तयार आहे: वॉटरमेकर (समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), लिथियम बॅटऱ्या, नवा चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), सौर पॅनेल, नव्या गाद्या आणि उरलेल्या पैशांत रिगिंग, म्हणजे डोलकाठी उभी धरणाऱ्या वायर आणि त्यांचे जोड. सुरुवात कशापासून करावी, असं तुम्ही विचारलं आहे.

यादी उलटी करा. आधी पाण्याखालची भोकं, रडर (सुकाणूचं पाण्याखालचं पातं) आणि रिगिंग यांच्यावर लागेल तेवढा खर्च करा आणि त्यातून जे उरेल त्यात बाकीचं बसवा. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवतो आणि पावसाळ्यात त्यांची दुरुस्ती करतो. या काळात गादी जुनी होती म्हणून कोणाला परत फिरावं लागल्याचं मी पाहिलेलं नाही. एका पिनमुळे, दोन फूट रबरी नळीमुळे, टाकीच्या तळातल्या चिखलामुळे किंवा एकाच जागी घासत राहिलेल्या दोरीमुळे मात्र बऱ्याच जणांना परत फिरावं लागलं. त्यात मीही एकदा होतो.

आधी मार्ग आणि मोसम, कारण बाकीचं सगळं वेळापत्रक त्यावर बसतं. गोव्याहून सेशेल्सचं माहे बेट सरळ रेषेत सुमारे १६०० सागरी मैल आहे. तुमच्या लांबीची बोट दोन माणसांच्या हातात दिवसाला १०० ते १२० मैल कापते. विषुववृत्ताच्या आसपास वारा पडतो, तिथे तीन-चार दिवस जातात. म्हणून अठरा ते वीस दिवस धरा. जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत अरबी समुद्रात ईशान्येचा वारा स्थिर असतो आणि तो तुमच्या पाठीशी राहील. कच्छची गलबतं याच वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला याच महिन्यांत वारा वायव्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचं अंतर उत्तर गोलार्धात असतानाच कापून घ्यावं लागतं. डिसेंबरच्या मध्याआधी निघू नका. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा काळ आहे. २०१७ साली ओखी नोव्हेंबरच्या अखेरीस उठलं, लक्षद्वीपवरून गेलं आणि केरळ-तमिळनाडूच्या किती मच्छीमारांना घेऊन गेलं, ते किनाऱ्यावरचा कोणीही विसरलेला नाही.

इथे माझं एक मत स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षी सेशेल्सऐवजी मालदीवला जा. उत्तर टोकाचं उलिगामू हे बेट गोव्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला सुमारे ५०० मैलांवर आहे आणि शिडाच्या बोटींना तिथे देशात प्रवेश घेता येतो. पाच दिवसांच्या त्या प्रवासात बोट आणि तुम्ही दोघं कसे आहात हे कळतं, आणि काही बिघडलंच तर वाटेत कोची आहे. सेशेल्सच्या वाटेवर दुसऱ्या आठवड्यात काही बिघडलं तर आसपास काहीच नाही. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून सोमालियाच्या बाजूला जहाजं पळवण्याच्या घटना पुन्हा झाल्या आहेत. पश्चिमेला किती सरकायचं हे निघण्याच्या आठवड्यातली स्थिती पाहूनच ठरवावं लागेल. भारतीय नौदलाचं गुरुग्रामला माहिती केंद्र आहे, तिथे प्रवासाची आगाऊ माहिती द्या. तयारी मात्र दोन्ही प्रवासांना तीच लागते, म्हणून पुढचं सगळं सेशेल्स गृहीत धरून लिहितो.

मे महिन्यात बोट पाण्याबाहेर काढायचीच आहे. जून ते सप्टेंबर ती शेडखाली राहील. हे चार महिने तुमच्या हातात आहेत. बोट उचलली की पहिल्या दिवशी रंगाकडे पाहू नका, भोकांकडे पाहा.

तुमच्या बोटीच्या तळाला आठ-दहा तरी भोकं असतील: इंजिनाचं थंड पाणी, शौचालय, बेसिन, कॉकपिटचे (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीचे) ड्रेन. प्रत्येकावर एक झडप, म्हणजे सी-कॉक, आणि त्याला जोडलेली नळी. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. हाताच्या पंपाने त्याच्या निम्मं पाणीही माणूस फार वेळ उपसू शकत नाही. म्हणून प्रत्येक सी-कॉक सुटा करून पाहा. धातू चाकूच्या टोकाने खरवडा. आतून पिवळसर चमकला तर ठीक, गुलाबी तांबूस दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलेला धातू बिस्किटासारखा ठिसूळ झाला आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पितळी नळ दिसायला अगदी तसेच असतात आणि आधीच्या मालकाने ते बसवलेले असण्याची शक्यता बरीच आहे. ते सगळे काढा. ब्राँझचे किंवा बोटींसाठीच बनवलेले कडक प्लास्टिकचे बसवा. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक नळीला दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक सी-कॉकशेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवा. खुंट्या एका डब्यात ठेवून उपयोग नाही. अंधारात, गुडघाभर पाण्यात तुम्ही तो डबा शोधणार नाही.

मग रडर. बोट उचललेली असताना रडरचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. थोडा खडखडाट चालतो, बोटभर हलला तर बेअरिंग गेलं. बहुतेक जुन्या रडरमध्ये फायबरच्या दोन कवचांच्या आत फोम असतो आणि त्यात स्टीलचा दांडा व त्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या असतात. पाणी आत शिरलं की त्या पट्ट्या आतल्या आत कुजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तळाला एक बारीक भोक पाडा. तपकिरी पाणी ठिबकलं तर रडर उघडून नव्याने बांधावा लागेल. काम मोठं आहे, पण गोव्यात फायबरचं उत्तम काम करणारे कारागीर आहेत. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या दोन्ही शिडाच्या बोटी गोव्यातच बांधल्या गेल्या आणि दोन्ही जग फिरून आल्या. त्याच ‘तारिणी’ला २०१८ च्या एप्रिलमध्ये, सहा महिला अधिकाऱ्यांच्या परिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं. इतकी नीट बांधलेली, नीट सांभाळलेली बोट आणि तरीही सुकाणू. चाकापासून रडरपर्यंतच्या वायर, पुल्या, चेन सगळं सुटं करून पाहा. आणीबाणीचा टिलर, म्हणजे रडर थेट वळवायचा दांडा, नुसता लॉकरमध्ये असून चालत नाही. तो बसवून, तासभर शिडावर बोट चालवून पाहा. बऱ्याच बोटींवर तो चाकाच्या खांबाला अडकतो, आणि हे पहिल्यांदा भर समुद्रात कळू नये.

कीलच्या, म्हणजे तळाखालच्या वजनदार पात्याच्या, सांध्यावर पुढच्या बाजूला केसाएवढी भेग दिसली, तर बोट कधी खडकावर आपटली होती का ते आधीच्या मालकाला विचारा. आपटली असेल तर आतल्या बाजूला कील-बोल्टच्या आसपास कोणीतरी जाणकार माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता रिगिंग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या यादीत ते शेवटी आहे.

काही वर्षांपूर्वी एका मालकाची ३६ फुटी बोट माझ्याकडे आली. त्यांना लक्षद्वीपला जायचं होतं. डेकच्या वर चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीची वायर बोटीला धरून ठेवणारी स्टीलची पट्टी, आरशासारखी चमकत होती. मी म्हटलं, एक तरी काढून पाहू. बोल्ट सोडवले, पट्टी वर ओढून घेतली. डेकच्या जाडीत जो दीड इंच भाग कायम लपलेला असतो, तिथे चहाच्या ओघळासारखी एक तपकिरी रेघ होती, बाकी काही नाही. पट्टी वाइसमध्ये आवळली आणि हातोडीचा एक ठोका दिला. जोरात नव्हता. पट्टी त्या रेघेवर सरळ तुटली. तुटलेली कड उजेडात धरून मालकांना दाखवली: दोन तृतीयांश भाग काळा पडलेला, म्हणजे तो कधीच फाटलेला होता, आणि उरलेली एक चकचकीत पट्टी. त्या चकचकीत भागावर त्यांची सगळी डोलकाठी उभी होती. ते बराच वेळ ती कड अंगठ्याने चाचपत राहिले, मग म्हणाले, ‘मुलीला घेऊन गेलो होतो हो हिच्यावर.’

स्टेनलेस स्टीलला गंज न धरण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. जिथे खारी ओल अडकते आणि हवा पोचत नाही, म्हणजे डेकच्या आत, स्वेजच्या (वायरच्या टोकावर दाबून बसवलेल्या) नळीत, बोल्टच्या डोक्याखाली, तिथे ते स्टील आतून खाल्लं जातं. चमकणाऱ्या भागाकडे पाहून काहीच कळत नाही. तुमच्या रिगिंगचं वय नक्की माहीत नसेल तर ते पूर्ण बदला. वायरचं आयुष्य साधारण दहा-पंधरा वर्षं धरतात आणि आपल्या उन्हात, दमट हवेत मी दहाच धरतो. पैसे कमी पडले तर चार्टप्लॉटर पुढे ढकला, वायर नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि तुम्ही स्वतः करू शकता. कापसाचा बोळा वायरवरून खालून वर फिरवा. एखादी तार तुटलेली असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. खालच्या स्वेज भिंगातून पाहा. त्यांच्यात पाणी साठतं, म्हणून वरच्यांपेक्षा त्या आधी फुटतात. वेल्डिंग तपासणारे लोक डाय-पेनिट्रंटचे तीन डबे वापरतात, ते आणा. आधी स्वच्छ करायचं, मग लाल द्रव मारायचा, दहा मिनिटांनी पुसायचा, मग पांढरी फवारणी. भेग असेल तर त्या पांढऱ्यावर हळूहळू एक लाल केस उमटतो. पहिल्यांदा पाहाल तेव्हा अंगावर काटा येईल.

नवी वायर बसवताना एका टोकाला तरी पान्याने आवळायची टर्मिनल (वायरच्या टोकाची पकड) घ्या, म्हणजे समुद्रावर स्वतः दुरुस्ती करता येते. डोलकाठी धरणाऱ्या सगळ्यात लांब वायरपेक्षा एक मीटर जास्त लांबीची वायर, डायनिमाची (फार मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी आणि मूठभर शॅकल (जोडकड्या) बोटीवर ठेवा. वायरच्या जोडातल्या प्रत्येक क्लेव्हिस पिनमधली, ती निसटू नये म्हणून घालायची कॉटर पिन नवी घाला आणि तिची टोकं टेपने झाका. नाहीतर ती शीड फाडते. एक मोठा बोल्ट-कटर आणि धातू कापायच्या करवतीची डझनभर पाती हाताशी ठेवा. डोलकाठी पडलीच तर ती वायरनिशी बोटीच्या कडेला आपटत राहते आणि बोटीला भोक पाडते, तेव्हा ती कापून सोडावी लागते. एकट्याने जग फिरण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सापडले, त्यांच्या ‘थुरीया’ या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या मणक्याला दुखापत झाली. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने त्यांना तीन दिवसांनी बोटीवरून उचललं. चार वर्षांनी तेच पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले. त्या दुसऱ्या प्रवासात विंडवेनचे, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणाऱ्या यंत्राचे, भाग मोडत गेले तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून त्यातून नवा भाग तयार केला. मी हे मुद्दाम सांगतो आहे. हातात हत्यारं, थोडं प्लायवूड, इपॉक्सी आणि बोल्ट असतील तर बोट स्वतःच सुट्या भागांचं दुकान होते.

शिडांबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या शिडाला तीन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करायच्या तीन पायऱ्या, हव्यातच. शिलाई नखाने ओढून पाहा, तुटली तर उन्हाने दोरा गेला आहे, कापड चांगलं असलं तरी सगळी शिलाई पुन्हा घालून घ्या. वादळी जिब (पुढचं लहान शीड) घ्या आणि ती बंदरात एकदा चढवून पाहा.

घासण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. किनाऱ्यालगत तुम्ही चार तास एका दिशेला जाता, मग वळता. इथे वारा पाठीमागून आणि शीड एकाच बाजूला, सलग दहा दिवस. बोट दर सहा-सात सेकंदाला डुलते, म्हणजे दिवसाला बारा हजारांहून अधिक वेळा प्रत्येक दोरी त्याच जागी मागेपुढे होते. शीड ओढून धरायची दोरी, आपले खलाशी जिला दामण म्हणतात, ती लाइफलाइनला (डेकच्या कडेच्या आधाराच्या तारेला) नुसती टेकत असली तरी तिसऱ्या दिवशी तिचं वरचं वेष्टण गेलेलं असतं. रोज सकाळी चहाच्या आधी पूर्ण डेकवर फिरा, प्रत्येक दोरीवरून हात फिरवा आणि हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) दोन इंच सरकवा, म्हणजे पुलीवर नवा भाग येईल. जिथे शीड स्प्रेडरला (डोलकाठीवरच्या आडव्या काठीला) टेकतं तिथे आधीच ठिगळ लावून घ्या. जुनी अग्निशमनाची पाइप कापून दोरीवर चढवली तर फार टिकते. बूम (मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा) प्रिव्हेंटरने, म्हणजे त्याला आवळून धरणाऱ्या दोरीने, बांधून ठेवा, कारण मागच्या वाऱ्यावर झोपेत एकदा बोट वळली तर बूम ज्या वेगाने डोक्यावरून जातो त्यात माणूस वाचत नाही.

मी परत फिरलो होतो ते इंजिनामुळे. देवगडच्या बाहेर वीस मैलांवर वारा पडला, जुनी लाट उरली होती, आणि वर्षभर खाडीत शांत उभ्या असलेल्या त्या बोटीच्या डिझेल टाकीचा तळ पहिल्यांदाच ढवळला गेला. काळा चिकट गाळ फिल्टरमध्ये आला, इंजिन बंद. फिल्टर बदलला, अर्ध्या तासात पुन्हा बंद. बोटीवर दोनच फिल्टर होते. रात्रभर लाटेवर डोलत राहिलो आणि सकाळच्या वाऱ्यावर कसेबसे आत आलो. तुमची टाकी उघडून आतून हाताने पुसून घ्या. त्यात हात जाईल असं झाकण नसेल तर करून घ्या. दोन फिल्टर समांतर बसवा आणि सोबत किमान दहा ठेवा. इम्पेलर (थंड पाण्याच्या पंपातली रबरी चक्री) चार, बेल्ट दोन. आणि इंजिनातली हवा काढणं तुम्हा दोघांनाही, डोक्यावर टॉर्च लावून, हलत्या बोटीवर जमलं पाहिजे.

बोट आपोआप दिशेवर ठेवणाऱ्या एकाच ऑटोपायलटवर भिस्त ठेवू नका. दोन माणसांनी वीस दिवस हाताने सुकाणू धरणं म्हणजे आठवड्यात दोघंही आजारी. विद्युत पायलट आणि वाऱ्यावर चालणारा विंडवेन असे दोन वेगळे प्रकार ठेवा. विंडवेनला वीज लागत नाही. तुमच्या यादीतल्या लिथियमच्या पैशांत तो येईल. साध्या बॅटऱ्या आणि थोडे सौर पॅनेल तुम्हाला पुरेसे आहेत. लिथियम घालायचं तर अल्टरनेटरपासून सगळी रचना बदलावी लागते, ते दुसऱ्या वर्षी करा.

वॉटरमेकर असला तरी पाणी तेवढंच भरायचं, जणू तो नाहीच. हिशेब असा: दोन माणसं, वीस दिवस, दिवसाला माणशी ४ लिटर, म्हणजे १६० लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे २४०. हे एकाच टाकीत ठेवू नका. इंग्रज खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी बोट मुंबईत सागवानात बांधलेली. तीच १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जग फिरलेली पहिली बोट. त्या प्रवासात तिच्या टाक्यांतलं पाणी खराब झालं, आणि कॅनमधलं पाणी व पावसाचं पाणी यांवर ते पुढे गेले. तुम्हीही साठ-सत्तर लिटर तरी कॅनमध्ये ठेवा आणि कॅन काठोकाठ भरू नका. थोडी हवा राहिली की ते समुद्रात तरंगतात.

सुरक्षेच्या सामानात दोन गोष्टी आपल्याकडच्या कायद्याशी जोडलेल्या आहेत, त्या नीट वाचा. इरिडियम आणि थुराया हे उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून येताना सहज आणलेल्या उपग्रह संदेश-यंत्रासाठी गोव्याच्या विमानतळावर लोकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. बाहेरच्या खलाशांचा सल्ला वाचून तसलं यंत्र मागवू नका. दूरसंचार विभागाकडे रीतसर परवानगी मागा, आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच अर्ज करा. दुसरी गोष्ट ईपर्ब. संकटात उपग्रहामार्फत बोटीची खबर देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा हा संकेतक बोटीच्या नावावर नोंदवलेला असला पाहिजे. सेकंडहँड घेतलात तर आधीच्या मालकाच्या नावाची नोंद बदलून घ्या, नाहीतर शोध सुरू करणारे लोक भलत्याच घरी फोन करतील. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा नंबर १५५४ घरच्या माणसाकडे लिहून ठेवा, सोबत बोटीचा फोटो आणि मार्गाचा नकाशा.

लाइफराफ्ट घ्या, तपासणीची तारीख पाहून घ्या. पण राफ्ट म्हणजे सुटका असं मनात धरू नका. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या, त्यांतल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. बोट खरोखर पायाखालून जात नाही तोवर ती सोडायची नसते. त्याच शर्यतीनंतर केबिनच्या दाराच्या फळ्या दोरीने बांधून ठेवण्याचा आग्रह सुरू झाला, कारण बोट आडवी झाली की त्या निसटून वाहून जातात आणि आत यायला समुद्राला मोठं दार मिळतं. तुमच्या फळ्यांना आतून-बाहेरून लावता येणारी कडी आणि दोरी आजच करा. खर्च दोनशे रुपये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. तुमच्या पत्नींना बोट एकटीने चालवता येते का? तुम्ही पाण्यात पडलात तर त्या बोट थांबवून तुम्हाला वर घेऊ शकतील का? भिजलेल्या कपड्यांतला सत्तर-ऐंशी किलोचा माणूस हातांनी ओढून वर येत नाही, कोणाच्याच. त्यासाठी हॅलयार्डला विंच (दोरी ओढायची चरखी) लावून किंवा पुल्या-दोरीच्या संचाने उचलायची पद्धत बसवावी लागते. मांडवीत, शांत सकाळी, लाइफजॅकेट घालून तुम्ही पाण्यात उतरा आणि त्यांना तुम्हाला वर घेऊ द्या. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागतील. पाचव्या वेळी आठ. मग उलटं करा. तरीही खरा उपाय पडू नये हाच आहे: नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना जॅकलाइन (डेकवर ताणलेला पट्टा), तुम्हाला तिला बांधून ठेवणारा दोन कड्यांचा टेदर, रात्री कॉकपिटमध्ये पाऊल ठेवायच्या आधी आतूनच अडकवायचा. आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट सोडून डेकवर जायचं नाही, लघवीला जायचं असलं तरी. माझ्या प्रत्येक बोटीवर हा नियम आहे आणि त्यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

पहिले तीन दिवस बोट लागते, म्हणजे मळमळतं, आणि ती दोघांनाही लागू शकते. गोळी डॉक्टरांना विचारून आधी जमिनीवर घेऊन पाहा, कारण काहींना त्याने इतकी गुंगी येते की पहारा देता येत नाही. त्या तीन दिवसांचं जेवण आधीच करून ठेवायचं: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, गूळपोळी, मेतकूट-भात. नंतर भूक परत येते. प्रेशर कुकर हे समुद्रावरचं सगळ्यात चांगलं भांडं, कारण त्याचं झाकण लागतं आणि लाटेने तो कलंडला तरी उकळता वरण अंगावर येत नाही. अंडी कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली आणा आणि एक दिवसाआड उलटी करा, तीन आठवडे टिकतात. कांदे आणि बटाटे वेगवेगळे, जाळीच्या पिशवीत. कोकम भरपूर घ्या. सोडे आणि सुके बोंबील हवाबंद डब्यात, नाहीतर वास केबिनभर. पुठ्ठ्याचे खोके मात्र बोटीवर चढवू नका, झुरळांची अंडी त्यांतूनच येतात. गॅसचा सिलिंडर केबिनमध्ये नको. त्याचा कप्पा वेगळा असावा आणि त्याच्या तळातून बाहेर जाणारी नळी असावी. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साठून राहतो.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात गेली की सराव. लोक म्हणतात किनाऱ्याने कोचीला जाऊन या, ३५० मैल होतात. मी उलट सांगतो: आपल्या किनाऱ्यालगत रात्री मैलभर पसरलेली जाळी, त्यांचे मिणमिणते दिवे आणि ट्रॉलर यांच्यातून बोट नेणं हे खोल समुद्रापेक्षा कठीण आहे आणि त्यात समुद्र शिकायला मिळत नाही, फक्त डोळे थकतात. डिसेंबरच्या अखेरीस, हवामान खात्याचा अंदाज स्वच्छ पाहून, गोव्यातून सरळ पश्चिमेला शंभर मैल बाहेर जा आणि परत या. तीन रात्री. त्यांतल्या एका रात्री, काळोखात, मुद्दाम तिसरी रीफ घ्या. एकदा हीव्ह-टू करून, म्हणजे शीड आणि रडर एकमेकांविरुद्ध ठेवून बोट जवळजवळ थांबवून, तीन तास बोट तशीच ठेवा आणि दोघंही आत बसून जेवा. चार-चार तासांचे पहारे खरेखुरे पाळा. एआयएसवर (जहाजांनी रेडिओवर पाठवलेली त्यांची जागा दाखवणाऱ्या यंत्रावर) जहाजं दिसतील, पण लहान होड्या दिसणार नाहीत हे लक्षात ठेवा. पुढे आठ आणि नऊ अंशांच्या खाड्यांजवळ (मिनिकॉय बेटाच्या दोन्ही बाजूंचे जहाजांचे मार्ग) जहाजांची रांग लागलेली असते, तिथे दोघांपैकी एकाचे डोळे सतत बाहेर हवेत.

परत आल्यावर एक वही घ्या आणि जे जे सुटलं, घासलं, गळलं, आवाज करू लागलं ते लिहा. माझ्या अनुभवात पहिल्या वेळी तीस-चाळीस गोष्टी निघतात. त्या दुरुस्त करायला तुमच्याकडे तीन आठवडे असतील. निघायच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरून तळ घासा आणि प्रॉपेलर साफ करा. शिंपले धरलेल्या तळाने दिवसाचे दहा-पंधरा मैल सहज जातात, आणि वीस दिवसांच्या प्रवासात त्याचे दोन-तीन दिवस वाढतात.

कागदपत्रांचं वेगळं लिहावं लागेल, एवढंच सांगतो की लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो, त्यामुळे वाटेत सहज थांबू असं धरू नका.

तोवर, या आठवड्यात, बोट पाण्यात असतानाच एक काम करा. डाव्या बाजूची मधली चेनप्लेट निवडा, हॅलयार्डने डोलकाठीला त्या बाजूने आधार द्या, त्या श्राउडचा (डोलकाठी बाजूने धरणाऱ्या वायरचा) टर्नबकल, म्हणजे ताण देणारा स्क्रू, सैल करा, बोल्ट सोडवा आणि पट्टी बाहेर काढून डेकच्या जाडीतला तो दीड इंच उजेडात धरून पाहा. बाकीच्या यादीचं काय करायचं ते तुम्हाला तिथेच कळेल.